'किंवा समतुल्य' लिहिले आहे, पण समतुल्य ठरवायचे कसे?

सार्वजनिक कामांच्या टेंडरमधल्या पर्यायी मालाबद्दल आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : टेंडरमध्ये एका कंपनीच्या पंपाचे मॉडेल देऊन पुढे 'किंवा समतुल्य' लिहिले आहे. तेवढाच डिस्चार्ज (ठरावीक वेळात मिळणारे पाणी) आणि तेवढेच हेड (पाणी जितके उंच चढवता येते ते) देणारा दुसऱ्या कंपनीचा पंप आम्हाला स्वस्तात मिळतो. तो धरून दर भरावा का?

दर भरता येईल, पण पंप मान्य झालाच असे धरून भरू नका. टेंडरमध्ये नाव येते ते दर्जाची पातळी कळावी म्हणून. अमेरिकेच्या केंद्रीय कामांच्या करारांतले ५२.२३६-५ हे कलम तसे स्पष्टच सांगते : कंपनीचे नाव हा दर्जाचा मापदंड समजावा, स्पर्धेवरचे बंधन नव्हे. मात्र माल बरोबरीचा आहे की नाही, याचा निर्णय तेच कलम खात्याच्या अधिकाऱ्याकडे ठेवते. बरोबरी दाखवून देण्याचे काम कंत्राटदाराचे.

आता पंपाकडे येऊ. 'तेवढाच डिस्चार्ज, तेवढेच हेड' हे कोणत्या बिंदूवर? कॅटलॉगात कमाल डिस्चार्ज आणि कमाल हेड शेजारी शेजारी छापलेले असतात. पंप ते दोन्ही एकाच वेळी देत नाही. म्हणून कंपनीकडून परफॉर्मन्स कर्व्ह (किती हेडला किती डिस्चार्ज, तो आलेख) मागवा आणि त्यावर तुमचा ड्युटी पॉइंट, म्हणजे कामाला हवे असलेले डिस्चार्ज आणि हेड, खूण करून दाखवा. समजा, सेकंदाला ३० लिटर आणि ४० मीटर हेड हवे आहे. नुसत्या पाण्याला लागणारी शक्ती ११.८ किलोवॅट. पंपाची कार्यक्षमता ७८ टक्के असेल तर शाफ्टवर १५.१ किलोवॅट लागतात आणि १८.५ किलोवॅटची मोटर पुरते. तुमच्या स्वस्त पंपाची कार्यक्षमता ६५ टक्के असेल तर शाफ्टवर १८.१ लागतात, तेवढीच मोकळीक ठेवायची तर मोटर २२ किलोवॅटची घ्यावी लागते. ४१५ व्होल्टवर पूर्ण भाराचा करंट साधारण ३३ वरून ३९ अँपिअरवर जातो. मग स्टार्टर, ओव्हरलोड रिले, ब्रेकर आणि केबल सगळेच पुन्हा तपासावे लागते. पंपात वाचलेले पैसे विजेच्या पॅनेलमध्ये जातात, आणि हा खर्च सहसा पर्याय सुचवणाऱ्याच्याच माथी येतो. जास्तीचे वीजबिल पुढे वर्षानुवर्षे खाते भरणार, ते वेगळेच. अधिकारी अशा वेळी नकार देतात तो योग्यच असतो.

एनपीएसएचचा, म्हणजे पंपाच्या तोंडाशी पाण्याला लागणाऱ्या किमान दाबाचा, आकडाही पाहा. तो मूळ पंपापेक्षा जास्त असेल आणि पाणी खालच्या टाकीतून खेचायचे असेल, तर कॅव्हिटेशन होऊ शकते, म्हणजे पाण्यात वाफेचे बुडबुडे तयार होऊन फुटतात. पंप आतून खडी फिरावी तसा खडखडतो आणि काही महिन्यांत इम्पेलरवर (पंपातल्या फिरत्या चाकावर) खड्डे पडतात.

प्रश्न : २०० मिमीच्या डबल फ्लँज्ड बटरफ्लाय व्हॉल्व्हचा आमचा प्रस्ताव 'जुळत नाही' एवढाच शेरा मारून परत आला. साइज तर तीच आहे!

प्रेशर रेटिंग बघा. फ्लँज म्हणजे बोल्टने जोडायची भोकांची कडा, आणि पीएन हा तिचा दाबाचा वर्ग. २०० मिमीच्या पीएन १० फ्लँजला ८ भोके असतात, पीएन १६ ला १२. दोन्हींचा बाहेरचा व्यास आणि भोकांच्या वर्तुळाचा व्यास (२९५ मिमी) सारखाच असतो, त्यामुळे कागदावर फरक चटकन लक्षात येत नाही. साइटवर व्हॉल्व्ह कसाही फिरवा, चारच भोके जुळतात. चार बोल्टवर लाइन चालवता येत नाही. दुसरी तपासणी दोन तोंडांमधल्या लांबीची. व्हॉल्व्ह आखूड निघाला तर मध्ये स्पेसर घालावा लागतो, लांब निघाला तर पाइप कापावा लागतो. प्रस्तावाला मापांचे ड्रॉइंग जोडले असते तर हे दहा मिनिटांत उघडे पडले असते.

प्रश्न : पर्यायाला मान्यता केव्हा मागावी, टेंडर भरण्याआधी की काम मिळाल्यावर?

टेंडरच्या अटींमध्ये मुदत दिलेली असते. आधी ती वाचा. कॅलिफोर्नियाच्या सार्वजनिक कंत्राट संहितेतले कलम ३४०० हे चांगले उदाहरण आहे. मुदत काम देण्याआधीची ठेवायची की नंतरची, हे तिथे टेंडर काढणारा ठरवतो. त्याने काहीच लिहिले नसेल तर काम दिल्यापासून ३५ दिवसांपर्यंत पुरावे सादर करता येतात.

सवलत मिळत असली तरी शक्यतो आधीच विचारावे, असे आम्ही आग्रहाने सांगू. निविदापूर्व बैठकीच्या मुदतीत लेखी प्रश्न द्या. उत्तर शुद्धिपत्रकातून सर्व बोलीदारांना गेले की तो पर्याय सगळ्यांसाठी खुला होतो. त्यात तुमचा हातचा फायदा जातो खरा, पण जोखीमही जाते. फोनवर कुणी 'चालेल हो' म्हणाले, तर त्याला काही किंमत नाही. आणि 'अमुक माल मान्य केल्यास हा दर' असे बोलीत कधीही लिहू नका. ती सशर्त बोली होते आणि बाद होऊ शकते.

प्रस्तावात दोन रकान्यांचा तक्ता हवा : डावीकडे स्पेसिफिकेशनची प्रत्येक ओळ, उजवीकडे तुमच्या मालाचा आकडा आणि तो डाटा शीटच्या कोणत्या पानावर आहे ते. जिथे माल कमी पडतो ती ओळ गाळू नका. गाळलेली ओळ सापडली की उरलेल्या तक्त्यावरचा विश्वासही उडतो. तक्त्यासोबत चाचणी अहवाल, वॉरंटी, सुटे भाग किती दिवसांत मिळतील ते, आणि शेजारच्या कामांवर होणारे परिणाम जोडा.

प्रश्न : मी स्पेसिफिकेशन लिहिणारा अभियंता आहे. एकाच कंपनीचे नाव देऊन 'समतुल्य' हा शब्द गाळता येतो का?

फार थोड्या वेळा. भारत सरकारच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मधला नियम १४४ सांगतो की, शक्य तिथवर वर्णन वस्तुनिष्ठ, कार्याधारित आणि मोजता येण्यासारखे असावे. विशिष्ट ब्रँडची मागणी नसावी. युरोपीय संघाच्या २०१४/२४ या निर्देशाचे कलम ४२ पुरेसे नेमके वर्णन करणे शक्यच नसेल तेव्हा नाव देऊ देते, पण तेव्हाही 'किंवा समतुल्य' लागतेच. कॅलिफोर्नियात चार अपवाद आहेत : क्षेत्रीय चाचणी, आधीच वापरात असलेल्या मालाशी जुळवणी, एकाच ठिकाणी मिळणारी वस्तू आणि आणीबाणी.

नुसते 'समतुल्य' लिहूनही भागत नाही. कोणत्या गुणांत समतुल्य, ते आकड्यांत लिहा. रंगाचे उदाहरण घ्या. वाळलेला थर ७५ मायक्रॉन हवा असेल, तर ५० टक्के घनांशाच्या (वाळल्यावर उरणारा भाग, आकारमानाने) रंगाचे १००० चौरस मीटरला १५० लिटर लागतात आणि ४० टक्केवाल्याचे १८७.५ लिटर, तेही वाया जाणारा न धरता. घनांश आणि वाळलेल्या थराची जाडी लिहिली नाही, तर लिटरमागे स्वस्त पडणारा पातळ रंग 'समतुल्य' म्हणून येईल, आणि त्याला नकार द्यायला तुमच्या हातात काही नसेल.

प्रश्न : माल बदलला तर दर कोणता मिळतो?

बदल कुणी मागितला, यावर ते अवलंबून आहे. तुम्ही सुचवलेला समतुल्य माल करारातल्याच दरात बसवायचा असतो. तो स्वस्त असेल तर खाते बहुधा फरक वजा मागते. खात्याने आयटमच बदलला तर हिशेब वेगळा. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या करारात कलम १२ मध्ये त्याचे सूत्र आहे : दोन्ही आयटमच्या बाजारभावांतला फरक करारातल्या दरात मिळवायचा किंवा त्यातून वजा करायचा. करारातला दर ९००, त्या आयटमचा बाजारभाव १००० आणि नव्याचा ११०० असेल तर १००० मिळतात, ११०० नव्हे. नव्याचा बाजारभाव ८५० असेल तर ७५०. म्हणजे मूळ दर कमी भरला असेल तर ते कमीपण बदललेल्या आयटममध्येही तसेच राहते. लेखी आदेश हातात येताच दरविश्लेषण आणि कोटेशन सादर करा. माल बसवून झाल्यावर बाजारभाव सिद्ध करणे फार जड जाते.