नाणेघाटाचा पॉडकास्ट घरचेही पूर्ण ऐकत नाहीत, काय करू?

प्रश्न : आम्ही जुन्नर भागातले काही मित्र मिळून नाणेघाटावर पॉडकास्ट काढतोय. पहिला भाग चाळीस मिनिटांचा झाला, सातवाहनांची सगळी वंशावळ घेतली, पण घरचेसुद्धा मधेच बंद करतात. वाऱ्याचा आवाज पण लय येतो. आणि घाटातल्या दगडी रांजणात व्यापारी जकात टाकायचे ही गोष्ट सांगायची का नाही यावरून आमच्यातच वाद चाललाय.

उत्तर : अहो, वंशावळ कानाने कोण लक्षात ठेवणार! ती आधी काढा. तुमच्याकडे त्याहून भारी माल पडलाय की. घाटातल्या लेण्यात सातवाहन राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते ना, आता त्यांचे जेमतेम पाय उरलेत पण वरची नावं अजून दिसतात, त्यातलं एक 'देवी नायनिकाय रञो च सिरि सातकनिनो', म्हणजे राणी नागनिका आणि राजा श्री सातकर्णी. राणीचं नाव आधी आहे बघा. हे प्राकृत तुमच्यातल्या कुणीतरी मोठ्याने, सावकाश वाचा आणि मग सांगा की समोर आता फक्त पाय आहेत. ऐकणाऱ्याला दिसत नाहीये हे धरूनच बोलायचं, 'हे बघा इथे' असलं काही नको. भिंतीवरच्या मोठ्या लेखात इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र-सूर्य यांना नमन आहे, मग यज्ञ आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या गायी, घोडे, हत्ती, कार्षापणं (त्या काळची नाणी), आकड्यांसकट. आपल्याकडच्या अगदी जुन्या अंकचिन्हांत हे आकडे धरतात, एवढ्यावरच एक वेगळा भाग होतो. दहा-बारा मिनिटांच्या वर जाऊ नका.

रांजणाची गोष्ट खुशाल सांगा, नाहीतर लोक कमेंटमध्ये तेच विचारत बसतील. फक्त 'असं सांगतात' म्हणा. घाट कोकण आणि देश जोडणारा व्यापारी रस्ता होता, त्यामुळे जकात असणं पटतं, पण लेखात रांजणाचं नाव नाही. दोन्ही बोला, वाद मिटला. घाटघरच्या किंवा खाली वैशाखऱ्याच्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाकडून त्यांनी ऐकलेली गोष्ट त्यांच्याच आवाजात घ्या, तुमच्यापेक्षा ते चांगलं सांगतील.

वाऱ्याचं म्हणाल तर नानाच्या अंगठ्याकडे (घाटावरचा तो अंगठ्यासारखा सुळका) कड्यावर उभं राहून मुलाखत घेऊच नका. माईकला फोमचं नाहीतर केसाळ कव्हर घाला, लेण्यात आवाज घुमतो म्हणून माईक तोंडाजवळ धरा, आणि मेन निवेदन घरी गोधडी पांघरून रेकॉर्ड करा (हसू नका, खरंच चांगलं येतं). वाऱ्याचा थोडा आवाज वेगळा घेऊन सुरुवातीला टाका, तेवढा हवाच. व्हिडिओसाठी ट्रायपॉड लावणार असाल तर आधी पुरातत्त्व खात्याला विचारून घ्या.

आणि वर रेंजचा भरवसा नाही, त्यामुळे भागाच्या पोस्टमध्येच लिहा की जुन्नरमधून निघतानाच डाउनलोड करून घ्या.