मानेतील चकती : शस्त्रक्रिया कधी?

प्रश्न : माझे वय ५२ आहे. मानेच्या पाचव्या व सहाव्या मणक्यांमधील चकती सरकून मज्जारज्जूवर दाब आल्याचे एमआरआयमध्ये दिसले. दुखणे फारसे नाही, पण शर्टाची बटणे लावताना बोटे अडखळतात आणि चालताना तोल जातो. शस्त्रक्रिया टाळता येईल का?

उत्तर : केवळ हातात कळ येत असती, तर काही आठवडे औषधे व व्यायाम करून पाहा, असे मी सांगितले असते, कारण नसेवरील दाबाचे बहुतेक रुग्ण शस्त्रक्रियेविना बरे होतात. तुमची लक्षणे मात्र मज्जारज्जूची आहेत. दुखत नाही म्हणून धोका नाही, असे कृपया समजू नका. बिघाड पुढे जाऊ न देणे हा शस्त्रक्रियेचा मुख्य हेतू असतो. गेलेली ताकद किती परत येईल, हे दाब किती काळ राहिला यावर बरेचसे अवलंबून असते. साधारणपणे गळ्याच्या पुढच्या बाजूने छोटा छेद घेऊन, श्वासनलिका व अन्ननलिका हळुवार बाजूला सारून चकती काढतात आणि त्या जागी आधार बसवून दोन्ही मणके जोडतात. नंतर काही दिवस गिळताना त्रास होणे किंवा आवाज बसणे संभवते. धूम्रपान करत असाल तर आजच सोडा, त्यामुळे हाड जुळण्यात अडथळा येतो. मानेला झटके देऊन घेणे पूर्ण बंद ठेवा आणि याच आठवड्यात मणक्याच्या शल्यविशारदांना भेटा.