'जीर्णोद्धार' नव्हे, जतन. आणि राऊळ!

चाळीसगावहून प्रश्न आलाय : 'संरक्षित मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी शासनाचा निधी' ही शब्दयोजना बरोबर आहे का?

साफ चूक. जळगाव-धुळ्याकडच्या बातम्यांत हे वाचून वाचून डोकं उठलंय. जीर्णोद्धार म्हटला की पडकं काढून नवं उभारतात, शिखराला ऑइलपेंट लागतो, गाभाऱ्यात ग्रॅनाइट येतो. 1960 च्या राज्य कायद्याखाली स्मारक संरक्षित झालं, की नेमकं हेच परस्पर करता येत नाही. तिथे पुरातत्त्व संचालनालय करतं ते जतन आणि दुरुस्ती : निखळलेला दगड चुन्यात त्याच जागी बसवायचा. 'स्मारक दत्तक दिलं' हेही तसलंच. शासकीय योजनेतला शब्द 'संगोपन' आहे आणि तोच नेमका आहे.

पण सरकारनं देवाधर्माच्या जागेला पैसा देणं म्हटलं, की मला आठवतो राऊळ. आज राऊळ म्हणजे देऊळ. मूळ मात्र राजकुल, म्हणजे राजाचं घर आणि पुढे सरकार. पुरावा तुमच्याच तालुक्यात आहे, पाटण्याच्या शिलालेखात. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला आणि शके 1128 मध्ये निकुंभ घराण्यातल्या सोइदेव राजानं त्या मठाला दान दिलं. लेखात संस्कृतानंतर जुनी मराठी येते : 'इयां पाटणीं जें केणें उघटे तेहाचा असि आउं जो राउला होंता ग्राहकापासीं तो मढा दीन्हला'. केणें म्हणजे विकाऊ माल. त्यावर गिऱ्हाइकाकडून राउळाला, म्हणजे सरकारला, जे मिळायचं ते मठाला दिलं. विद्येला सरकारी अनुदान, तेही बाजारच्या उत्पन्नातून आणि मराठीत कोरलेलं!

मग राऊळ देवळावर कसं गेलं? 'देव हा राजा, म्हणून त्याचं घर राजवाडा' असं सांगून बरेच अभ्यासक मोकळे होतात. मला ते अजिबात पटत नाही. देवाला राजा सगळ्याच मुलखांत मानलं, राऊळ सगळीकडे झालं नाही. माझं मत असं, की राउळाचं उत्पन्न मठ-मंदिरांकडे वळलं आणि पैशामागोमाग नावही गेलं. देऊळ, म्हणजे देवकुल, हा जुळा शब्द शेजारी होताच, त्यानं वाट सोपी केली. शब्दकोशात 'राऊळ : देऊळ' एवढी नोंद करून मूळ अर्थ कंसात कोंडणाऱ्यांनी एकदा पाटण्याला येऊन तो दगड वाचावा.