वाचकांचे प्रश्न : तिथी ठाऊक नसलेल्यांची आठवण

प्रश्न : मागील एका अंकात फ्रान्समधील इझ्यू येथील ज्यू बालगृहाचा ओझरता उल्लेख आला होता. ती मुले लपवून ठेवलेली होती, तर सापडली कशी? आणि ज्या मुलाचा देह नाही, कबर नाही, त्याचे स्मरण त्याच्या आप्तांनी कोणत्या दिवशी करायचे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ‘लपवलेली’ म्हटले की पोटमाळा आणि बंद खिडक्या डोळ्यांसमोर येतात. इझ्यूला तसे नव्हते. लियॉनच्या पूर्वेस, ऱ्होन नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या या खेड्यातील एका मोठ्या घरात साबिन आणि मिरों झ्लातिन या दांपत्याने १९४३ च्या वसंतात ही मुले आणली. त्यांतील अनेकांचे आईवडील तोवर छावण्यांत गेले होते. मुले अंगणात खेळत, घरातल्याच वर्गात शिकत, उन्हाळ्यात नदीवर जात. लपवले होते ते फक्त त्यांचे ज्यू असणे, कारण कागदोपत्री ही ‘एरो जिल्ह्यातील निर्वासित मुलांची वसाहत’ होती. हा भाग तेव्हा इटालियन सैन्याच्या ताब्यात होता आणि तिथे ज्यूंची धरपकड होत नसे. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शरणागती पत्करली, जर्मन सैन्य आले आणि तो आडोसा गेला. खबर कोणी दिली, हे आजवर सिद्ध झालेले नाही.

६ एप्रिल १९४४ रोजी सकाळी, मुले न्याहारीला बसत असताना, लियॉनच्या गेस्टापोचे, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांचे, ट्रक दाराशी आले. ४४ मुले आणि ७ मोठी माणसे पकडली गेली. एक जण खिडकीतून उडी टाकून निसटला. साबिन त्या दिवशी माँपेलिएला असल्याने वाचल्या. त्याच संध्याकाळी लियॉनच्या गेस्टापोचा म्होरक्या क्लाउस बार्बी याच्या सहीची तार पॅरिसला गेली. तीत मुले ४१ आणि कर्मचारी १० असे लिहिले आहे, म्हणजे तीन थोराड मुलांना त्याने मोठ्यांत मोजले. रोकड किंवा मौल्यवान वस्तू हाती लागल्या नाहीत, असाही शेरा त्या तारेत आहे. माझ्या मते संपूर्ण कागदात याहून भयंकर ओळ नाही. पुढे ४२ मुले आउश्वित्झच्या मृत्युछावणीत मारली गेली, दोन मोठ्या मुलांना आणि मिरों यांना आजच्या एस्टोनियात गोळ्या घातल्या गेल्या. पकडलेल्या ५१ जणांपैकी परत आली ती एकच शिक्षिका. बार्बीला १९८७ मध्ये लियॉनच्या न्यायालयाने जन्मठेप दिली, तेव्हा हीच तार पुराव्यात होती. मुले त्या घरात होती हे सिद्ध करायला मारेकऱ्याचाच कागद कामी आला.

दुसरे कागद मुलांचे स्वतःचे. साबिन परतल्या तेव्हा घरात चित्रे आणि पत्रे पडलेली होती. ती त्यांनी गोळा केली आणि पुढे फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला दिली. व्हिएन्नात जन्मलेल्या, आठ वर्षांच्या जॉर्जी हालपर्नची आईवडिलांना लिहिलेली पत्रेही टिकली, कारण ते दोघे युद्धातून वाचले. त्या पत्रांत भोवतालचे डोंगर आहेत, शाळा आहे, आलेले पार्सल आहे. १३ एप्रिल १९४४ रोजी पॅरिसजवळच्या द्राँसी छावणीतून आउश्वित्झकडे सुटलेल्या गाडीत तो होता, इथपर्यंत नोंद लागते.

आता तिथीचा प्रश्न. ज्यू घरांत हिब्रू पंचांगातील मृत्युदिनी दिवा लावून, कद्दीश ही प्रार्थना म्हणून स्मरण केले जाते. आउश्वित्झमध्ये गाडीतून उतरताच ज्यांना मारण्यासाठी वेगळे काढले जाई, त्यांची छावणीच्या दप्तरात नावानिशी नोंदच होत नसे. आणि मुलांच्या वाट्याला बहुधा हेच येई. तेव्हा दिवस धरायचा कोणता? इस्रायलच्या मुख्य धर्मपीठाने युद्धानंतर यासाठी तेवेत महिन्याचा दहावा दिवस, जो मुळातच उपवासाचा आहे, नेमून दिला. ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांना आपल्याकडे सर्वपित्री अमावास्या असते, त्यामुळे या सोयीमागची अडचण मराठी वाचकाला समजावून सांगावी लागणार नाही. फरक इतकाच की सर्वपित्रीला आपण बहुधा पूर्वजांना पाणी देतो. इथे दिवा लावणारे आईवडील असत आणि तो लेकराच्या नावाने असे.

इझ्यूत मात्र दरवर्षी ६ एप्रिल पाळतात, म्हणजे मुले त्या घरात शेवटची होती तो दिवस.