पीडीएफ दिसते, पण वाचता येत नाही: ठेकेदाराचं शेवटचं बिल थांबवा

ताई, तुम्ही लिहिलंय की राजापूरकडच्या तुमच्या वाचनालयाची पुस्तकयादी आणि जुन्या स्मरणिका ऑनलाइन गेल्या, स्क्रीनवर मराठी झकास दिसतं, पण तुमचे अंध सभासद फोनवर ऐकायला गेले की ‘डॉलर, कंस, एफ’ असलं काहीबाही येतं. शोधात ‘मासेमारी’ टाकलं तर एकही पुस्तक सापडत नाही. ठेकेदार म्हणतो, टॉकबॅकचा (फोनच्या स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या सोयीचा) दोष. अजिबात नाही. टॉकबॅक बिचारं आत जे आहे तेच वाचतंय. देवगड तालुक्यातल्या आमच्या वाचनालयाने हेच भोगलंय, म्हणून लांबण लावतोय.

स्कॅनर कुठला, डीपीआय किती हे सांगत बसत नाही, ते तुम्हाला ठाऊक असणारच. तुमचा मजकूर बहुतेक डीटीपीवाल्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये आहे. त्यात ‘क’ साठवलेलाच नसतो. साठवलेलं असतं एखादं इंग्रजी अक्षर नाहीतर चिन्ह, फॉन्ट ते फक्त ‘क’सारखं दाखवतो. शिमग्याच्या सोंगासारखं, वरून राधा आणि आत गावचा बाप्या. असा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक असलेल्या जागतिक पद्धतीत, बदलणारे कन्व्हर्टर मिळतात, पण तुमचा नेमका फॉन्ट ओळखणारा हवा. तरीही पहिली वेलांटी आणि रफार घोळ घालतातच. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराआधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवतात. रफाराचं नेमकं उलट. म्हणजे मुद्रितशोधन सुटत नाही.

आमचा पैसा आणि वेळ सगळ्यात जास्त खाल्ला तो ठेकेदाराने नव्हे, एका कार्यालयाने. नाव घेत नाही, पुढच्या अनुदानाला तिथंच जायचंय. तपासणीला साहेब आले, पीडीएफ उघडली, मोठी करून बघितली आणि म्हणाले, ‘दिसतंय की! अडचण काय?’ शेरा पडला ‘काम समाधानकारक’, आणि त्या शेऱ्यावर ठेकेदाराचं शेवटचं बिल निघालं. पैसे हातातून गेल्यावर तो कशाला फोन उचलतोय? तक्रार केली तर उत्तर आलं की कार्यादेशात युनिकोडचा उल्लेख नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चं कलम ४२ (इलेक्ट्रॉनिक माहिती दिव्यांगांनाही वापरता यावी असं सांगणारं) दाखवलं, तर ‘ते आमच्या टेबलाकडे येत नाही’. आणि गंमत बघा, ते पत्रही कागदाचा फोटो काढून ईमेलला जोडलेलं. ज्या सभासदासाठी आम्ही भांडत होतो, त्याला ते पुतण्याकडून वाचून घ्यावं लागलं. अख्खा पावसाळा फाईल या टेबलावरून त्या टेबलावर. असो.

तुमचं शेवटचं बिल बाकी असेल तर ते अडवून धरा. पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून फोनवर व्हॉट्सॲपमध्ये चिकटवा. कचरा आला तर काम अपुरं. ठेकेदाराच्या कॉम्प्युटरवर ही चाचणी करू नका, तिथं तो फॉन्ट असतो आणि सगळं छान दिसतं. पुढच्या कार्यादेशात लिहूनच घ्या: मजकूर युनिकोडमध्ये, प्रत्येक पीडीएफमध्ये शोधता येणारा मजकूर, आणि अंध वाचकाने एनव्हीडीए (कॉम्प्युटरवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) व टॉकबॅकवर तपासल्यावरच अंतिम देयक. एनव्हीडीए फुकट आहे. त्यातला मराठी आवाज यंत्रासारखा आहे खरा, पण कामाला चालतो. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी असल्याचं नोंदवायला सांगा, नाहीतर वाचक सॉफ्टवेअर भलताच आवाज लावतं.

शोधाचं म्हणाल तर तो जरा क्षमाशील हवा. राजापुर आणि राजापूर दोन्हीला पुस्तक सापडलं पाहिजे. ‘ॲ’ आणि ‘ऍ’ संगणकाला वेगळे वाटतात, लोक दोन्ही टाइप करतात. ‘ऱ्य’चंही तसंच, तो दोन-तीन तऱ्हांनी साठवला जातो.

पान उलटल्याचा आवाज काढणारं फ्लिपबुक कोणी विकायला आलं तर चहा पाजून वाटेला लावा. माझं मत आहे, कोणाला आवडत असेल तर असो. फिकट राखाडी अक्षरंही नकोत. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान ४.५ : १ फरक असावा असा जागतिक निकष आहे, आणि पडवीत उन्हात फोन धरणाऱ्या म्हाताऱ्यांना तोही कमीच पडतो.

स्मरणिकांतले लेख सर्वांसाठी खुले करण्याआधी हक्क बघा. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो. दिव्यांगांसाठी सुलभ प्रत काढायला मात्र २०१२ च्या दुरुस्तीने सवलत दिलीय. मी वकील नाही, जाणत्याला विचारा. आणि अंध सभासदांना ‘सुगम्य पुस्तकालय’ हे दिव्यांगांसाठीचं ऑनलाइन वाचनालय दाखवा, २०१६ पासून चालू आहे, तुमचं काम मार्गी लागेपर्यंत वाचायला काही मिळेल.

आणखी एक, स्मरणिका अख्खी एका फाईलीत ठेवू नका. लेखागणिक तुकडे करा. पावसात टॉवर गेला की मोठी फाईल अर्ध्यावर लटकते.

तुमच्या पीडीएफमधली एक ओळ इथे जशीच्या तशी चिकटवा. फॉन्ट ओळखता आला तर कुठला कन्व्हर्टर ते सांगतो.