सेगाचा व्यवसाय ब्राझीलमध्येच इतकी वर्षे कसा टिकला?

जपान आणि अमेरिकेत प्रतिस्पर्धी निन्टेन्डो कंपनीपुढे मागे पडलेले, सेगा या जपानी कंपनीचे मास्टर सिस्टीम हे टीव्हीला जोडून खेळायचे व्हिडिओ गेम यंत्र ब्राझीलमध्ये मात्र अनेक दशके कसे विकले गेले, आणि भारतात तसे का घडले नाही, असे आपण विचारले आहे. व्हिडिओ गेमच्या व्यापाराचा इतिहास हा माझ्या आवडीचा विषय असल्याने जरा सविस्तर लिहितो. माझ्या मते याचे श्रेय सेगापेक्षा तिच्या तिथल्या भागीदाराला, म्हणजे टेकटॉय या कंपनीला अधिक जाते. टेकटॉय माल आयात करून दुकानांत पोहोचवणारी नुसती वितरक नव्हती. ती यंत्रे ब्राझीलमध्येच तयार करीत होती आणि पुढे गेमसुद्धा स्वतः बनवू लागली.

त्या काळी दुसरा मार्गही फारसा नव्हता. ब्राझीलने १९८४ साली संगणक आणि माहिती तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात देशी उद्योगाला संरक्षण देणारा कायदा केला होता. एकूणच परदेशी इलेक्ट्रॉनिक वस्तूंवर इतके निर्बंध आणि कर होते की तयार यंत्र बाहेरून आणून सामान्य कुटुंबाला परवडेल अशा किमतीत विकणे जवळजवळ अशक्य होते. मात्र ॲमेझॉनच्या जंगलातील मानाउस या शहरात १९६७ पासून करसवलतींचे मुक्त क्षेत्र होते. सुटे भाग तिथे आणून जोडणी केली की कराचा बोजा बराच हलका होत असे. गैरसोय एवढीच की साओ पावलोची मोठी बाजारपेठ तिथून अडीच हजार किलोमीटरहून अधिक दूर होती.

टेकटॉयची स्थापना १९८७ साली झाली. तिचे एक संस्थापक डॅनियल दाझकल हे पूर्वी शार्प या जपानी इलेक्ट्रॉनिक्स कंपनीच्या ब्राझीलमधील व्यवसायात होते आणि इलेक्ट्रॉनिक खेळण्यांना तिथे मोठी मागणी निर्माण होऊ शकते, हे त्यांनी ओळखले होते. त्यांनी सेगाकडून सुरुवातीला मास्टर सिस्टीम नव्हे, तर ‘झिलियन’ या जपानी कार्टून मालिकेवर आधारलेली अवरक्त किरणांची खेळण्यातली बंदूक घेतली. ती चांगली खपली आणि सेगाला या नवख्या कंपनीविषयी विश्वास वाटू लागला. सप्टेंबर १९८९ मध्ये मास्टर सिस्टीम आणि १९९० च्या अखेरीस सेगाचे त्यापुढचे यंत्र मेगा ड्राइव्ह बाजारात आले. इथे अमेरिकेची आठवण होते. तिथे सेगाने मास्टर सिस्टीमचे वितरण टोन्का या खेळण्यांच्या कंपनीकडे सोपवले होते. टोन्काला व्हिडिओ गेमचा अनुभव नव्हता आणि ते यंत्र मागेच राहिले. म्हणजे दोन्ही देशांत काम खेळण्यांच्या कंपनीकडेच होते, पण एकीच्या हाती ते अनेक उत्पादनांपैकी एक होते, तर दुसरीचे सारे भवितव्य त्यावर अवलंबून होते. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

टेकटॉयने ग्राहकाला वाऱ्यावर सोडले नाही. गेममध्ये अडकलेल्या मुलांसाठी दूरध्वनीवर मार्गदर्शनाची सोय होती, खेळणाऱ्यांचा क्लब होता आणि जाहिरातींवर सढळ हाताने खर्च होत होता. याहून मोलाचे काम भाषेचे. १९९१ मध्ये ‘फँटसी स्टार’ हा लांबलचक, संवादांनी भरलेला गेम कंपनीने पोर्तुगीजमध्ये आणला. इंग्रजी न येणाऱ्या मुलाला तो गेम एरवी कळलाच नसता. त्याच वर्षी ‘वंडर बॉय’ मालिकेतील एका गेमचा नायक बदलून त्याच्या जागी मोनिका आली. मौरिसिओ द सौझा यांच्या चित्रकथांमधील ही हट्टी, शक्तिमान मुलगी ब्राझीलच्या घराघरात ठाऊक आहे. मूळ नायकाच्या हातात तलवार होती. मोनिकाच्या हाती तिचा प्रसिद्ध कापडी ससा दिला गेला. गेमची रचना तीच, पण मुलांच्या दृष्टीने तो आता त्यांचा स्वतःचा गेम झाला होता. परदेशी वस्तू आपल्या समाजात रुजवण्याचे इतके नेमके उदाहरण मला या व्यवसायात दुसरे आढळलेले नाही.

निन्टेन्डोचा प्रवेश मात्र लांबला. तिच्या यंत्रांच्या नकला स्थानिक कंपन्या मोठ्या प्रमाणावर विकत होत्या, त्यांपैकी फँटम सिस्टीम ही ग्राडिएन्टे कंपनीची. पुढे हीच ग्राडिएन्टे आणि खेळणी बनवणारी एस्त्रेला यांनी एकत्र येऊन प्लेट्रॉनिक स्थापन केली आणि १९९३ मध्ये निन्टेन्डो अधिकृतपणे अवतरली. तोवर टेकटॉयला जवळपास चार वर्षे मिळाली होती. दाझकल यांचे १९९२ मध्ये निधन झाले आणि स्टेफानो आर्नहोल्ड यांच्याकडे सूत्रे आली. त्या काळात व्यवसाय सांभाळणे सोपे नव्हते. १९९३ मध्ये ब्राझीलमधील वार्षिक महागाई २,००० टक्क्यांच्या वर होती.

तरीही ही केवळ यशाची कथा नाही. आयातीचे निर्बंध सैल झाल्यावर स्पर्धा वाढली, पॅराग्वेच्या सीमेवरून चोरटा माल येत राहिला आणि प्लेस्टेशनच्या नकली सीडी अत्यंत स्वस्तात मिळू लागल्या. सेगाचे सॅटर्न हे नवे यंत्र त्यापुढे टिकले नाही. १९९७ मध्ये टेकटॉयला धनकोंपासून कायद्याचे संरक्षण मागावे लागले. पण नेमक्या त्याच वर्षी तिने जुन्या मास्टर सिस्टीमसाठी ‘स्ट्रीट फायटर २’ काढला आणि १९९८ मध्ये मेगा ड्राइव्हसाठी ‘ड्यूक न्यूकेम ३डी’. ज्या यंत्रांना इतर देशांनी निरोप दिला होता, त्यांच्यासाठी नवे गेम बनवण्याचे कारण साधे होते: नवे यंत्र न परवडणारी कोट्यवधी कुटुंबे होती. सेगाने २००१ मध्ये यंत्रनिर्मिती थांबवली, तरी टेकटॉय अंगभूत गेम असलेल्या आवृत्त्या काढत राहिली. २०१६ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार ब्राझीलमध्ये सुमारे ८० लाख मास्टर सिस्टीम आणि ३० लाख मेगा ड्राइव्ह विकले गेले होते. यात अशा नंतरच्या आवृत्त्याही धरलेल्या असल्याने इतर देशांच्या आकड्यांशी थेट तुलना करू नये. दुसरीकडे, जानेवारी २०१५ मध्ये निन्टेन्डोने चढ्या आयातकरांकडे बोट दाखवून तिथले वितरण थांबवले आणि २०२० मध्येच ती अधिकृतपणे परतली.

आता भारताविषयी. १९९० च्या दशकाच्या मध्यास ८० टक्के आयातशुल्कातून वाट काढण्यासाठी सेगाने शॉ वॉलेस या मुख्यतः मद्यव्यवसायासाठी ओळखल्या जाणाऱ्या कंपनीशी मेगा ड्राइव्हच्या वितरणाचा करार केला. यंत्राची किंमत सुमारे १८,००० रुपये होती, म्हणजे मध्यमवर्गीय नोकरदाराचे कित्येक महिन्यांचे वेतन. माझ्या शाळकरी वयात आमच्या ओळखीच्या घरांतून जे टीव्ही गेम होते, ते सारे निन्टेन्डोच्या स्वस्त नकला होत्या आणि त्यांच्या कॅसेटही तशाच. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत त्या सहज मिळत. कराची भिंत दोन्ही देशांत होती आणि नकलाही दोन्हीकडे होत्या. परंतु मानाउससारखी करसवलत, व्हिडिओ गेमवर आपले सर्वस्व लावणारी स्थानिक कंपनी आणि मुलांच्या भाषेतले गेम या तिन्ही गोष्टी ब्राझीलमध्ये एकाच वेळी जुळून आल्या. भारतात सेगाने भागीदार निवडला तेव्हा यांपैकी एकही हाताशी नव्हती.