अंतर तेच, तरी माणसे जवळ का भासतात?

प्रश्न : गेले काही महिने कामाचा ताण फार वाढला आहे. या काळात कोणी नेहमीच्याच अंतरावर उभे राहिले तरी ते अगदी अंगावर आल्यासारखे वाटते. काल एका सहकाऱ्याने पडद्यावरील चूक दाखवण्यासाठी खांद्यावरून हात पुढे केला आणि मी चक्क मान आखडून मागे सरलो. डोळे तपासून घेतले, त्यांत काही दोष नाही. मग हे नुसते मनाचे खेळ आहेत का?

उत्तर : तसे म्हणून आपण स्वतःला दोष देऊ नये. अंगालगतच्या जागेची नोंद मेंदू वेगळी ठेवतो, कारण तेथे आलेली वस्तू पुढच्याच क्षणी आपल्याला लागू शकते. १९८१ साली इटलीतील मेंदूसंशोधक रिझोलाती आणि त्यांच्या सहकाऱ्यांना माकडांच्या मेंदूत अशा चेतापेशी आढळल्या, की ज्या चेहऱ्याला वा हाताला स्पर्श झाल्यावर तर जाग्या होतच, पण एखादी वस्तू त्या अवयवाच्या नुसती जवळ आली तरीही होत. तीच वस्तू दूर नेली की त्या शांत राहत.

या जागेची हद्द मात्र पक्की आखलेली नसते. मनगटाला विजेचा धक्का दिला असता अनेकांच्या पापण्या आपोआप मिटतात, आणि हात चेहऱ्याजवळ असेल तर अधिक जोराने मिटतात. साम्बो आणि इयानेत्ती या संशोधकांनी २०१३ साली ही प्रतिक्रिया कोणत्या अंतरावर वाढते ते तपासले, तेव्हा अधिक चिंता करणाऱ्या माणसांच्या चेहऱ्याभोवतीचे हे संरक्षक कडे रुंद असल्याचे दिसले. मला हा पुरावा विशेष मोलाचा वाटतो, कारण अशी पापणी कोणी ठरवून मिटत नाही. स्वभावातली चिंता आणि काही महिन्यांचा ताण या एकच गोष्टी नव्हेत, हे खरे. तरी धोक्याची चाहूल घेणारी यंत्रणा दोन्हींत सतत जागी असते, त्यामुळे आपले मागे सरणे समजण्यासारखे आहे. उलट, मेंदूतील अमिग्डाला हा धोक्याची चाहूल घेणारा भाग दोन्ही बाजूंनी निकामी झालेल्या एका स्त्रीला अनोळखी माणूस सरासरी ३४ सेंटिमीटरवर आला तरी अवघडल्यासारखे होत नसे, तर इतरांना सुमारे ७६ सेंटिमीटर अंतर हवे होते, असे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदले आहे.

तेव्हा सहकाऱ्यांना मोकळेपणाने सांगावे, की मागून येताना आधी हाक मारा आणि बाजूने पुढे या. यात संकोच करण्यासारखे काही नाही. बसण्याची जागा बदलता आली, तर पाठीमागे वावर नसेल अशी निवडावी. झोप आणि कामातील विसावा यांत मात्र काटकसर करू नये, कारण मूळ ताण कायम राहिला तर जागा बदलून फारसे साधणार नाही. दचकण्याबरोबर छातीत धडधड, श्वास कोंडणे किंवा माणसांत जाणेच टाळणे सुरू झाले असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांची भेट लांबवू नये.